नानाचं निम्मं

खडकझिऱ्याच्या गहिनीनाथ नानानं तरुणपणी एक विहीर खणली होती. वऱ्हाड निघताना कुणीतरी तिच्यात दगड टाकला, तो तळाला जाऊन वाजला तेव्हा त्याच जोडप्याच्या पोराचं बारसं चाललं होतं. ही हकिगत नाना स्वतःच सांगे, आणि दगड वाजायच्या जागी जरा थांबून कान देई.

"बारशाला न्हाई, नाना," ऐकणारा म्हणे. "डोहाळजेवणाला वाजला धरू."

"धरा की. दगडालाच घाई आसंल."

सुप्याच्या माळावर हा नियमच पडून गेला होता. नानाचं बोलणं निम्मं करून घ्यायचं. नानानं पंधरा हात साप मारला, तर साडेसात हात धरायचा. त्याची सहा वर्षांची नात बनीसुद्धा बोटं मुडपून निम्मं करायला शिकली होती. शाळेत जायच्या आधी तिला येणारं गणित तेवढं एकच. नानाला त्याचा राग नव्हता. तो म्हणे, "लोकं निम्मं करत्यात म्हनून तर मी दुप्पट सांगतो. शेवटाला बरूबर बसतंय."

पण पाण्याशी मात्र तो खोटं बोलत नसे. चाळीस वर्षं त्यानं विहिरी खणल्या, गाळ काढला. दोरावरून तळाला उतरायचा, कपारीला कान लावायचा आणि वर ओरडून सांगायचा, "सात झरे हायेत. दोन मेलेत." ते आकडे कुणी निम्मे करत नसे.

बहात्तर सालचा पाऊस ढगातच वाळला. दिवाळीपर्यंत नानाच्या विहिरीचा तळ दिसायला लागला आणि पौषात अख्खं घर पाझर तलावाच्या कामावर गेलं. पोरगा रंगनाथ टिकाव मारी, सून मुक्ताबाई पाट्या वाही. मुरूम असा कडक की टिकाव पडला की उसळून परत यायचा. रंगनाथच्या तळव्यांची सालपटं निघाली. त्यांच्यावर तो चिंधी गुंडाळी आणि संध्याकाळी ती चिंधी ओढून काढताना डोळे मिटून घेई. मुक्ताबाईच्या टाळूवरचे केस चुंबळीखाली झिजून गेले होते.

नानाला मुकादम काकासाहेबानं पाणक्या केलं. बैलगाडीवरून तीन कोसांवरनं पाण्याचं एक टिपाड यायचं. माणसं दीडशे. दिवसातून चार वेळा शिट्टी व्हायची आणि दर शिट्टीला माणशी एक पेला पाणी. पहिल्याच दिवशी काकासाहेबानं सगळ्यांसमोर नानाचा हात टिपाडावर ठेवला.

"म्हना, मळगंगेची शपत. आपला न्हाई, परका न्हाई. एका शिट्टीला एकच पेला."

"मळगंगेची शपत," नाना म्हणाला, आणि ती त्यानं पाळली. गावातल्या राहीबाईची सून बारा दिवसांची बाळंतीण कामावर आली होती. मूल ओढायचं आणि दूध उतरायचं नाही.

"भावजी, हिला एक पेला जास्त घाला. दोन जीव हायेत."

"मस्टरवर एकच हाय, वैनी."

राहीबाईनं पदर तोंडाला लावला तो रडायला नव्हे, शिवी आत ठेवायला. लोक मात्र म्हणाले, म्हातारा तोंडाचा खोटा असंल, हाताचा सरळ आहे. नानाला ते गोड लागलं.

आता बनीचं. ही पोर जन्मापासून पाण्यासाठी वखवखलेली. सकाळी उठली की आधी तांब्या. गोठ्यातलं खडेमीठ चोरून चाटायची, बैलाच्या शेजारी बसून, बैलासारखीच. अंथरूण रोज ओलं. सहा वर्षांची झाली तरी ओलं, तेव्हा मुक्ताबाईनं दिवेलागणीनंतर तिचं पाणी बंद केलं. ही अक्कल नानाचीच.

"वरनं घालायचं बंद करा, खालनं आपसूक थांबंल."

थांबलं नाही. पोर कोरड्या जिभेनं ओठ चाटत झोपायची आणि सकाळी अंथरूण ओलंच.

विहिरीच्या रहाटाला बाभळीचा जाड खांब होता. दर दिवाळीच्या पाडव्याला नाना बनीला त्याला टेकवून उभी करी आणि डोक्याच्या वर छिन्नीनं खूण कोरी. पहिल्या तीन खुणांत वीत-वीतभर अंतर होतं. चौथी आणि पाचवी जवळ आल्या. सहाव्या खेपेला, दुष्काळाच्या त्या दिवाळीत, छिन्नी टेकवली तर खूण पाचवीवरच येत होती. मुक्ताबाई दिवा घेऊन मागं उभी होती. नानानं छिन्नी बोटभर वर सरकवली आणि हातोडी मारली.

"वाढली का?"

"वाढती न्हाई व्हय? बघ की."

मुक्ताबाईनं खुणेवरून बोट फिरवलं. लाकडात कोरलेलं ती निम्मं करत नसे.

*

शिमगा झाला आणि माळ तव्यासारखा तापला. एका दुपारी दुसऱ्या शिट्टीला बनी आपला पेला पिऊन पुन्हा रांगेत शिरून उभी राहिली. चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासायचे. तोंड पिवळट, पिठासारखं. रांग सरकली, ती टिपाडापाशी आली.

"नाना, आजूक."

"झालं तुजं."

"घोटभर."

मागं राहीबाई उभी होती. तिच्या मागं तिची सून, मागं सगळे. नानाचा हात पेल्यासकट टिपाडाच्या काठावर थांबला.

"बगा," राहीबाई मोठ्यानं म्हणाली, "आता मळगंगा कुनाची हाय ते कळंल."

नानानं पेला उपडा केला. "चल, व्हय बाजूला. फुडं या."

पोर बाजूला झाली. रडली नाही. डोळ्यांत यायलाही पाणी लागतं. थोड्या वेळानं मुक्ताबाई पाटी टाकून वळली तर बनी बैलांच्या डोणीत तोंड घालून तळाचा हिरवा गाळ चोखत होती.

संध्याकाळपासून ओकाऱ्या लागल्या. दुसऱ्या दिवशीही थांबल्या नाहीत. मुक्ताबाईनं तिला छातीशी धरलं आणि तोंड बाजूला केलं. "मामा, हिच्या श्वासाला गोठ्यासारखा वास येतोय. मुताचा." नानानं वाकून हुंगलं. गाळ साचलेल्या विहिरीत उतरताना पहिल्यांदा नाकात शिरतो तसा तो वास होता. तसा वास आला की नाना खाली माणूस सोडत नसे.

तिसऱ्या दिवशी सुप्यावरून एस.टी. धरून ते दोघं तिला नगरला घेऊन गेले. दवाखान्यात दमयंतीबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या. नाकावर चष्मा, बोलणं हळू. त्यांनी बनीच्या दंडात सलाईन लावलं, रक्त काढलं, लघवी बाटलीत धरली. बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. लघवी नुसत्या पाण्यासारखी बिनरंगाची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवलं. बनी बाकावर पडून ऐकत होती.

"पोरगी केवढी?"

"सहा सरलं," मुक्ताबाई म्हणाली.

"उंची चारच्या पोरीची आहे. वाढ कधीपासून थांबली?"

"थांबली न्हाई, बाई. मामा दर दिवाळीला खांबावर खून करत्यात. औंदा बोटभर वाढली."

डॉक्टरीणबाईंनी नानाकडं पाहिलं. नानानं वहाणेतून बाहेर आलेल्या आपल्या अंगठ्याकडं पाहिलं.

"ते बोट माजं हुतं," तो म्हणाला. "पोर वाढली न्हवती. मी छिन्नी सरकवली."

 मांडीवरच्या पदराची मुक्ताबाईनं घडी घातली, उलगडली, परत घातली.

"आमाला कळंल आसं तुमी सांगा, बाई," नाना म्हणाला. "काय झालंय?"

"बकऱ्याचे गुर्दे पाहिलेत ना? माणसालाही दोन असतात. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. हिचे जन्मतःच नीट घडलेले नाहीत. बारीक बारीक चाळण्या असतात त्यांत. हिच्या थोड्या होत्या. ज्या होत्या त्यांना सगळ्यांचं काम करावं लागलं, म्हणून त्याही झिजत चालल्यात."

 मग नाना म्हणाला, "म्हंजे वीस झऱ्यांची इहीर. एक झरा बुजला की बाकीचे जोरानं वाहत्यात. वरनं बगनाऱ्याला पानी तेवढंच दिसतंय. पाच बुजले, धा बुजले, तरी तेवढंच. पन ज्यांच्यावर ताण पडतोय ते कपारी कुरतडून घेत्यात, आन त्येबी बुजत्यात. लोकांना कळतं तवा चारच ऱ्हायलेले असत्यात."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मला एवढं नीट सांगता आलं नसतं, बाबा."

"मग हिला मूत एवढं कसं? झरे बुजल्यावर पानी कमी व्हाया पायजे."

"पाणी धरून ठेवायची ताकदच गेली आहे. पाणी जातं, घाण आत राहते. मीठही जातं, म्हणून ती मीठ चाटते. तुम्ही रात्रीचं पाणी तोडलंत, ऊन लागलं, म्हणून ही अशी झाली. हिला जेवढी तहान लागेल तेवढं पाणी द्यायचं. मोजायचं नाही."

"गाळ काढायचा की मग," नाना एकदम पुढं सरकला. "आत उतरायचं काय आसंल, तर... चाळीस वर्सं केलंय मी."

"या विहिरीत कुणाला उतरता येत नाही, बाबा."

"किती ऱ्हायलेत?"

"तुमच्या विसातले चार. फार तर पाच."

"आन किती दिस?"

"पाणी मिळालं तर वर्ष, दोन वर्षं. हाडं वाकतील, रक्त कमी होत जाईल. पुढं एक दिवस लघवी कमी होईल, तोंडावर सूज येईल. लोक म्हणतील, बरी दिसते. तुम्ही तसं समजू नका." त्यांनी चष्मा परत चढवला. "आणि पाणी तुटलं, तर हा उन्हाळा निघायचा नाही."

*

काकासाहेब मुकादमानं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "इंग्रजी हाय. त्यातनं डॉक्टरचं अक्षर. हे काय लिव्हलंय ते लिव्हनाऱ्यालाच ठावं."

"लिव्हलंय, पोरीला तहान लागंल तेवढं पानी द्या. मोजू नका."

शिट्टीची वेळ होती. रांग उभी होती. आधी कुणी हसलं नाही, मग एक हसला आणि हसू रांगेतून शेवटपर्यंत गेलं.

"दुस्काळात डॉक्टर सांगती, लई पानी प्या!"

"कवा आंघोळीला बोलावलं न्हाई का, नाना?"

"हसू नका," नाना म्हणाला. "हिचे गुर्दे गेलेत. पानी तुटलं तर पोर मरंल. दर शिट्टीला चार पेले लागत्यात तिला."

"चार?" मागून कुणीतरी म्हणालं. "निम्मं धरा रं. दोन."

आयुष्यात पहिल्यांदा नानाला कळलं, की खरं बोलायचं होतं तर आठ म्हणायला हवं होतं.

राहीबाई रांगेतून पुढं आली. "दोन तरी का? माज्या बाळंतिनीला नडलात तवा तुमची शपत ताठ हुती. नातीवर आल्यावर वाकली व्हय?"

 नानानं खांद्यावरच्या पंच्यानं पेला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"तुमी वाटा, वैनी. शपत मी घेतली हुती, मी मोडनार न्हाई. मी रांगंत उभा ऱ्हातो."

त्या दिवसापासून अडुसष्ट वर्षांचा नाना टिकाव घेऊन रंगनाथच्या शेजारी उभा राहिला. शिट्टी झाली की रांगेत यायचा, राहीबाईकडून आपला पेला घ्यायचा आणि न सांडता, दोन्ही हातांत धरून, चिंचेखाली बसलेल्या बनीपर्यंत चालत जायचा. मुक्ताबाई आणि रंगनाथ आपल्यातलं निम्मं निम्मं द्यायचे. म्हाताऱ्याचा एक थेंब स्वतःसाठी नसे. रात्रीचं घरचं जे काही मडक्यात असेल त्यावर तो दिवस काढी.

"बा, आसं मरशील," रंगनाथ म्हणाला.

"इहिरीत उतरताना कवा पानी प्यायलोय का मी? तिथं वासच पुरंसा आसतोय."

पहिल्या दिवशी लोकांनी टिंगल केली. दुसऱ्या दिवशी बघत राहिले. तिसऱ्या दिवशी नानाला टिकाव उचलेना. उचलला तो डोक्याच्या वर गेलाच नाही, मागं पडला. चौथ्या दिवशी तिसऱ्या शिट्टीला पेला घेऊन चालताना त्याचे पाय एकमेकांत अडकले. तो गुडघ्यांवर पडला, मग कोपरावर. पेल्याचा हात मात्र सरळ वर राहिला. पाणी हललं, सांडलं नाही.

कुणीच हललं नाही. चिंचेखालून बनी उठली, घासत्या गुडघ्यांनी चालत आली, आज्याच्या हातातून पेला घेतला आणि त्याच्याच तोंडाला लावला. नानानं दात घट्ट मिटले.

"पी की, नाना. निम्मं."

राहीबाईनं टिपाडावर पेला आपटला. जर्मलच्या भांड्याचा आवाज माळभर गेला.

"ऐका गं सगळ्याजणी. ह्या म्हाताऱ्यानं जल्मभर खोटं सांगितलं. पन खोट्यापायी कुनी तहानेनं मरतं का? खोटं बोलनारा आधी सोताची सोय करतो." ती काकासाहेबाकडं वळली. "मुकादम, आता शपत मी घेतली न्हाई, मला कुनी दिलीबी न्हाई. उद्यापास्नं ही पोर रांगंच्या आदी प्येनार. तिला पायजे तेवढं. आन माजी सून दोन पेले प्येनार. कुनाला वंगाळ वाटत आसंल तर त्यानं हितं येऊन पेला धरावा."

कुणी पेला धरायला आलं नाही. कुणाला आनंद झाला असंही नाही. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या दहा-बारा माणसांना पेला जरा उणा मिळायला लागला, आणि ती माणसं बनी प्यायला लागली की तलावाच्या भिंतीकडं बघत उभी राहत. पण उन्हाळा निघाला.

*

त्या पावसाळ्यात इतकं पाणी झालं की नानाच्या म्हणण्याप्रमाणं बेडकांना सर्दी झाली. पाझर तलाव भरला, खालच्या विहिरी जिवंत झाल्या. नानाच्या विहिरीत हातानं पाणी घेता येईल इतकं वर आलं. बनीच्या उशाशी आता रात्रंदिवस भरला तांब्या असे, आणि मिठाचा खडा.

दसऱ्याच्या आसपास एक गोष्ट झाली. बनीचं अंथरूण कोरडं राहायला लागलं. तांब्या सकाळी निम्मा भरलेला सापडे. बारके दंड तसेच, पण गाल फुगले, सकाळी डोळे उघडायला वेळ लागे. शेजारणी म्हणाल्या, "नवी बाजरी मानवली गं पोरीला. बाळसं धरलं." मुक्ताबाईनं मळगंगेला नारळ फोडला.

बाजरीची काढणी चालू होती, म्हणून तपासायला नाना एकटाच बनीला नगरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो बराच वेळ भरला नाही. बनी बाहेर बाकावर बसली होती तेव्हा नानानं दोन बोटं वर करून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. दोनच झरे.

घरी आल्यावर मुक्ताबाई खळ्यातून धावत आली. "काय म्हनाल्या बाई?"

"बरी हाय म्हनाल्या."

मुक्ताबाई सासऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. या घरात येऊन तिला दहा वर्षं झाली होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, परत उचललं आणि पाखडायला बसली. त्यानंतर तिनं नारळाचं नाव काढलं नाही.

पाडव्याला नानानं छिन्नी घासली. बनी रहाटाच्या खांबाला टेकून उभी राहिली. टाच वर करू नये म्हणून नानानं तिच्या पावलांवर एक हात ठेवला. सुजलेलं पाऊल भिजलेल्या मातीसारखं मऊ लागलं. डोकं गेल्या सालच्या खुणेपर्यंत पोचत नव्हतं. बोटभर खाली राहत होतं.

मुक्ताबाई या वेळी दिवा घेऊन आली नव्हती. छिन्नी कुठंही सरकवता आली असती. नानानं ती पोरीच्या केसांवर टेकवली, होती तिथंच, आणि हातोडी मारली.

बनी वळून बघायला लागली. "माजी खून खाली गेली."

"पाऊस किती झाला औंदा? खांब पानी पिऊन पिऊन वाढला. बाभूळच ती. समदी रात पीत बसायची. मी बघितलंय."

"किती वाढला?"

"हातभर."

"म्हंजे वीतभर." ती हसली. हसताना डोळे फुगलेल्या पापण्यांत बुडून गेले. मग ती विहिरीच्या काठावर बसली आणि आत बघत राहिली. पाणी काळं, गच्च, काठोकाठ होतं.

"नाना, दवाखान्यात तुमी सांगितलेली ती इहीर. वीस झऱ्यांची."

"हां."

"त्यात आता किती झरे हायेत?"

नानानं छिन्नीवरचा भुसा फुंकला. चाळीस वर्षांत हा आकडा त्यानं कधी चुकवला नव्हता. त्यानं विहिरीकडं पाहिलं, पोरीच्या पावलाकडं पाहिलं, आणि मनात हिशेब केला.

"धा," तो म्हणाला.

बनीनं दोन्ही हातांची बोटं पसरली. एका हाताची मुडपली. दुसरा हात पाण्यावर धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"पाच," ती म्हणाली. "पाच लई झाले."